दारातून वळायचं नाही

“बाहेर जा आणि पुन्हा आत या,” वहिनी म्हणाली. “दारात डोकं आपटलं तरी आई गं म्हणायचं नाही.”

“वहिनी, संघाच्या ऑफिसचं दार काय आपल्या स्वयंपाकघरासारखं असणार आहे का?”

“कसलंही असू दे. जा बाहेर.”

मी बाहेर गेलो. खाली वाकून पुन्हा आत आलो. वहिनी डाळीच्या पत्र्याच्या डब्यावर ताठ बसली होती. नाकावर अण्णांचा चष्मा होता, त्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. हातात पेन म्हणून लाटणं होतं. चुलीवर भाकरी फुगत होती, तिच्याकडे साहेबाचं अर्धं लक्ष होतं.

“आत येऊ का साहेब?”

“आधीच आलाय तुम्ही. विचारायचं ते दारात. जा परत.”

ही एक्क्याण्णव सालातली गोष्ट. मी बीएस्सी झालो होतो, केमिस्ट्री घेऊन, आणि दोन वर्षं घरी बसलो होतो. दोन मुलाखती दिल्या, दोन्हींत सपशेल आपटलो. पहिलीत साहेबांनी विचारलं, टायट्रेशन जमतं का? मी म्हटलं, थोडंफार. इंग्रजी येतं का? थोडंफार. आमच्या घरात ‘मला येतं’ असं सरळ म्हणणं म्हणजे शेखी मिरवणं. शेवटी साहेब म्हणाले, मग आम्ही पगारही थोडाफारच देऊ, आणि त्यांनी दुसऱ्या उमेदवाराला बोलावलं. दुसऱ्या मुलाखतीत दया यावी म्हणून मी वडील अंथरुणाला खिळलेत असं ठोकून दिलं. अण्णा त्या दिवशी विहिरीत उतरून मोटर बसवत होते. मुलाखत घेणाऱ्यांतला एक जण आमच्याच पट्ट्यातला निघाला आणि अण्णांना चांगला ओळखत होता.

तेव्हापासून अण्णांनी एकच धोशा लावला होता. तिसऱ्यांदाही जमलं नाही, तर सोलापूरला मामाच्या टायरच्या दुकानात जायचं. मामाचा निरोपही येऊन पडला होता. टायरला माझी ना नव्हती, पण मामाला होती. त्याच्याजवळ चार दिवस काढले तरी माणसाला संन्यास घ्यावासा वाटे.

आता दूध संघात सहायक केमिस्टची जागा निघाली होती. सोमवारी मुलाखत. आणि घरात माझी तयारी करून घ्यायला एकच माणूस होतं, ते म्हणजे वहिनी.

ती आमच्या घरात आली तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो आणि ती वीस. आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. दादा एसटीत कंडक्टर, चार दिवसांतले दोन दिवस मुक्कामाच्या गाडीवर. म्हणजे अण्णा, मी, गोठा आणि पुढे झालेली दोन पोरं हे सगळं लटांबर वहिनीच्याच अंगावर. माझ्या परीक्षेच्या दिवशी पहाटे उठवायचं काम तिचं, आणि निकालाच्या दिवशी अण्णांपुढे आधी जाऊन वातावरण बघून यायचं कामही तिचंच. ते मात्र भिंतीमार्फत, कारण अण्णांशी ती थेट बोलत नसे. पदर डोक्यावर घ्यायची, भिंतीला सांगितल्यासारखं सांगायची, आणि अण्णाही भिंतीलाच उत्तर द्यायचे. सात वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला होता.

त्यामुळे चष्माही मीच मागून आणला होता.

“कशाला पायजे?” अण्णांनी विचारलं होतं.

“वहिनीला… म्हणजे मला. सरावाला.”

“सरावाला चष्मा?” ते म्हणाले, पण काढून दिला. आणि बाहेरच्या ओट्यावर पेपर उघडून बसले.

“बसा,” आत वहिनी म्हणाली. मी बसलो. “खुर्ची फरफटत ओढायची नाही. फाईल साहेबांच्या टेबलावर ठेवायची नाही, मांडीवर ठेवायची. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायचं नाही. हं, दुधातलं काय कळतं तुम्हाला?”

“थोडंफार…”

लाटणं माझ्या गुडघ्यावर बसलं.

“आई गं!”

“बघा. दोन्ही चुका एकदम.”

“वहिनी, तुला हे सगळं कुठून ठाऊक?”

“एका मुलीचं ऐकलंय. आमच्या गावची होती. अशीच मुलाखतीला गेली आणि सगळा घोटाळा करून आली.” तिनं उठून भाकरी उलटली आणि पुन्हा डब्यावर बसली. “थोडंफार म्हणाली. फाईल थेट साहेबांच्या चहाशेजारी ठेवली. घरच्यांची नावं घेत बसली, माझे वडील असं म्हणतात आणि तसं म्हणतात. त्यांना काय करायचं वडिलांचं? आणि सगळ्यात वाईट म्हणजे…”

“काय?”

“दूध तपासायला दिलं तर तिनं नखावर थेंब घेतला. समोर यंत्रं मांडलेली, आणि ही खेडवळासारखी नखावर! साहेब लोक एकमेकांकडे बघून हसले.”

मला हसू आलं, कारण घरात वहिनी रोज सकाळी हेच करायची. आमची म्हैस आटली की शेजारून दूध यायचं. ती एक थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायची आणि अंगठा तिरका करायची. कसदार दूध नखावर रेंगाळतं, पाणी घातलेलं सरळ धावतं. मग तोच थेंब दोन बोटांत चोळायची, फुंकर घालून वाळवायची आणि बोटं एकमेकांना चिकटतात का बघायची. तिच्या माहेरी वडिलांचं दूध संकलन केंद्र होतं. लहानपणापासून रोज शंभर लोकांचं दूध तिच्या नखावरून गेलेलं. शेजारणीनं एकदा भांड्यात अर्धा तांब्या पाणी घातलं होतं, तर वहिनीनं उंबऱ्यावरच सांगितलं, अर्धा तांब्या. शेजारीण महिनाभर बोलली नाही.

“सोमवारी नखाला हात लावायचा नाही,” वहिनी म्हणाली. “आणि निघताना दारातून मागं वळायचं नाही. ती मुलगी वळली.”

“वळून काय केलं?”

वहिनीनं चष्मा काढला आणि पदरानं पुसायला लागली.

“मग मी कधी येऊ, असं विचारलं. म्हणजे घेतलंच तिला असं समजून! सगळे खो खो हसले. ती रस्त्यापर्यंत रडत आली म्हणे.” तिनं चष्मा माझ्या हातात दिला. “जा, अण्णांना द्या. मघापासून बिनचष्म्याचा पेपर वाचतायत.”

मी बाहेर येऊन पाहिलं. अण्णा खरंच पेपर तोंडासमोर धरून बसले होते, उघडलेलं पान अजून तेच होतं.

सोमवारी संघाच्या ऑफिसात आम्ही तेवीस जण होतो. सगळ्या इमारतीला तापलेल्या दुधाचा आणि वाफेचा वास. बाकावर माझ्याशेजारी बसलेला मुलगा इतका घाबरला होता, की मला माझी भीती आठवेना. माझं नाव पुकारल्यावर मी दारात थांबून परवानगी मागितली, खुर्ची उचलून सरकवली, फाईल मांडीवर ठेवली. आत तिघं होते. मधले मॅनेजर, डावीकडे संचालकांपैकी एक जण, आणि उजवीकडे पांढरा कोट घातलेले, केस पिकलेले मुख्य केमिस्ट काशीद साहेब. प्रश्न झाले. दुधातलं कळतं का, या प्रश्नाला मी “हो, कळतं” असं म्हणालो आणि माझा मलाच घाम फुटला.

मग काशीद साहेबांनी तीन बाटल्या पुढे केल्या. “यांतलं कुठलं दूध तुम्ही परत पाठवाल?”

मी लॅक्टोमीटर उचलला. पहिलीत अठ्ठावीस. दुसरीत अठ्ठावीस. तिसरीत एकोणतीस. तिन्ही दुधं चोख. मी पुन्हा मोजलं. तेच आलं. साहेब घड्याळाकडे न बघता माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यातच काहीतरी गोम होती.

“यंत्र म्हणतंय तिन्ही चांगली,” ते म्हणाले. “तुम्ही काय म्हणता?”

तोंडावर आलं होतं, तिन्ही चांगली. एवढं बोलून उठलो असतो तर वहिनीनं सांगितलेली एकही चूक माझ्या हातून झाली नसती. पण मला सारखा तिचा अंगठा दिसायला लागला. मनात म्हटलं, जातो टायरच्या दुकानात, पण हे खोटं बोलून नको. मी बाटलीत बोट बुडवलं आणि नखावर थेंब घेतला.

पहिला रेंगाळला. दुसरा धावला. तिसरा पुन्हा रेंगाळला. दुसऱ्याचा थेंब मी दोन बोटांत चोळला, त्या तिघा साहेबांसमोर फू फू करून वाळवला, आणि बोटं उघडताना ती चिकटली.

“हे,” मी म्हटलं. “पाणी घातलंय, आणि यंत्राला कळू नये म्हणून वर साखर घातलीय.”

काशीद साहेबांनी मॅनेजरांकडे पाहिलं. मॅनेजरांनी त्यांच्याकडे. आणि दोघंही हसले. माझं पाणी पाणी झालं. त्यांनी जा म्हटल्यावर मी उठलो, खुर्ची जागेवर ठेवली आणि मागे न वळता बाहेर पडलो. तेवढी एक गोष्ट तरी वहिनीच्या मनासारखी झाली.

जिन्यापर्यंत आलो तर मागून हाक आली. काशीद साहेब स्वतः आले होते.

“ते नखाचं कुणी शिकवलं?”

“वहिनीनं.” घरच्यांचं नाव घेतलं! म्हणजे तीही चूक झाली.

“कुठली वहिनी? माहेर कुठलं?”

मी गाव सांगितलं.

“वैजयंता बाबर?” त्यांनी विचारलं.

त्या नावानं वहिनीला हाक मारलेली मी सात वर्षांत ऐकली नव्हती.

“चौऱ्याऐंशी साली आली होती,” साहेब कठड्याला टेकले. “याच तीन बाटल्या मी दर वेळी ठेवतो. पदवी घेतलेले भले भले फसतात. ही बारावी झालेली पोर, सरळ नखावर थेंब घेतला आणि म्हणाली, माझे वडील म्हणतात यंत्राला साखर खाऊ घालता येते, नखाला नाही. आणि जाताना दारातून वळून काय विचारलं ठाऊक आहे? मग मी कधी येऊ! आम्ही तिघं पोट धरधरून हसलो. मॅनेजर म्हणाले, उद्याच ये म्हणावं हिला. पण नियम असतात. पत्रानं कळवू म्हटलं.”

“मग?”

“मग काय? पहिल्या नंबरावर तिचं नाव होतं. ऑर्डर पाठवली, आली नाही. रजिस्टर पत्र पाठवलं, ते परत आलं. वर लिहिलेलं, घेण्यास नकार.” त्यांनी हात झटकले. “मला वाटलं, पोरीला नोकरी नको असेल. बरी आहे ना ती?”

“बरी आहे,” मी म्हणालो.

“तिला म्हणावं, गावोगावच्या केंद्रांवर तपासणी शिकवायला बाई हवी आहे. दोन वर्षं जाहिरात देतोय, नीट माणूस मिळत नाही. अर्ज कर म्हणावं. मुलाखत द्यावी लागेल मात्र. आणि तुमचं पत्र येईल, ते तरी परत पाठवू नका.”

परतीच्या गाडीत बसायला जागा होती, तरी मी उभा होतो. चौऱ्याऐंशी साल. दादाच्या लग्नाच्या याद्या झाल्या तेव्हा मी बाबरांच्या ओसरीत पोहे खात बसलो होतो. देणंघेणं, मानपान सगळं उरकलं आणि अण्णा म्हणाले, “एक सांगून ठेवतो, आमच्या घरच्या सुना नोकरीला जात न्हाईत.” वहिनीच्या वडिलांनी टोपी नीट केली. मग म्हणाले, “न्हाई न्हाई, आमची कुठं जातीया.” पत्र तेव्हा त्यांच्या खिशात होतं, की नंतर आलं, देव जाणे. मी आणखी पोहे मागितले होते, एवढं मला पक्कं आठवतं.

तिला सांगावं की नाही? सगळ्या वाटेनं मी हाच घोळ घालत होतो. झालं ते झालं, सात वर्षं सुखात काढलेल्या बाईच्या डोक्याला हा भुंगा कशाला लावायचा? एकदा असं वाटे. आणि लगेच वाटे, ही माझी शहाणी वहिनी डब्यावर बसून मला स्वतःच्या चुका शिकवत होती, आणि त्यांतली एकही चूक नव्हती.

संध्याकाळी घरी आलो. अण्णा ओट्यावर होते. वहिनी आत भाकरी थापत होती.

“कसं झालं?” तिनं मान वर न करता विचारलं. “काही चुकलं नाही ना?”

“एक चुकलं. नखावर थेंब घेतला.”

तिचे हात थांबले. “भाऊजी! लाख वेळा सांगितलं होतं. हसले ना?”

“हसले.”

“संपलं मग. आता जा सोलापूरला.” तिचे डोळे भरून आले. माझ्यासाठी! मला राहवेना.

“वहिनी, ती मुलगी तूच ना?”

ती पुन्हा भाकरी थापायला लागली. मी काशीद साहेबांचं सगळं बोलणं सांगितलं, शब्दन् शब्द. बाटल्या, हसणं, पहिला नंबर, ऑर्डर, परत आलेलं रजिस्टर, आता निघालेली जागा. ती थापतच राहिली. भाकरी पातळ होत होत कडेनं फाटली तरी तिचे हात चालूच होते.

“पहिला?” तिनं विचारलं.

“पहिला.”

“ते वाईट हसले नव्हते?”

“नाही गं. तू आवडली होतीस त्यांना.”

“वडिलांनी याद्या मोडू नयेत म्हणून केलं असणार,” ती म्हणाली. ओट्यावर कोण बसलंय ते तिला ठाऊक होतं, म्हणून आवाज अगदी खाली आणला. “मला राग नाही ओ. दादा तुमचे चांगले आहेत, पोरं आहेत, तुम्ही आहात. पण सात वर्षं, भाऊजी, भांडी घासताना, धार काढताना मी त्या दारातून पुन्हा पुन्हा बाहेर पडलेय. दर वेळी न वळता. वाटायचं, एवढं एक नीट केलं असतं तर…”

मी फाटलेली भाकरी तव्यावर टाकली आणि ती जळू न देण्याच्या खटपटीला लागलो.

ओट्यावर पेपरचा आवाज झाला आणि थांबला. त्या रात्री अण्णा जेवले, पण भिंतीशीसुद्धा काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं अंगणवाडीत गेली होती. दादा मुक्कामाच्या गाडीवरून येऊन आडवा झाला होता. त्याला मी सगळं सांगितल्यावर तो एवढंच म्हणाला, “मला कधी कुणी विचारलंच नाही रे. मी कशाला नको म्हणतोय?” आणि कूस बदलून छताकडे बघत पडला. मी स्वयंपाकघरात चहा घेत होतो, वहिनी दूध गाळत होती. एवढ्यात दारात खाकरल्याचा आवाज आला. अण्णा आई गेल्यापासून जेवायच्या वेळेखेरीज त्या खोलीत पाऊल टाकत नसत. वहिनीनं झटकन पदर ओढला.

अण्णा वाकून आत आले. डाळीचा डबा पायानं पुढे ओढला आणि त्यावर बसले. खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, दोरा नीट केला.

“संघात जागा हाय म्हनं,” ते म्हणाले. सवयीनं भिंतीकडे बघूनच सुरुवात केली, मग मान वळवली. “मुलाखत द्यावी लागती. जा भाईर आन् परत आत ये.”

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. मी मानेनं हो म्हटलं. ती बाहेर गेली. दारात उभी राहिली.

“आत येऊ का?”

“ये. बस.” ती जमिनीवर बसायला लागली, तसे ते म्हणाले, “खाली न्हाई. साहेबापुढं खाली बसत्यात व्हय?” मी लगबगीनं स्टूल सरकवलं. “आन् त्यो पदर मागं घे. पदराआडनं बोललेलं ऐकू येत न्हाई मला.”

तिनं पदर मागे घेतला. अण्णांनी सात वर्षांत सुनेचं तोंड असं समोरासमोर बघितलं नसावं. क्षणभर दोघंही गोंधळले.

“नाव काय?”

“वैजयंता.”

“दुधातलं काय कळतं?”

वहिनीनं हात मांडीवर ठेवले.

“कळतं,” ती म्हणाली.

“थोडंफार?”

“नाही. चांगलं कळतं.”

अण्णांनी मान हलवली. आणखी काय विचारायचं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते लाटण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बरं. या आता.”

वहिनी उठली, स्टूल उचलून जागेवर ठेवलं आणि दाराकडे निघाली. उंबऱ्यापाशी पोहोचली. तिथे थांबली. तिची पाठ आमच्याकडे होती आणि खांदे नुसते हलत होते. एवढ्या वर्षांनीही मला ती पाठ दिसते. मग ती हळूच वळली.

“मग मी कधी येऊ?”

अण्णांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं काचा पुसल्या, मग डोळे पुसले, मग पुन्हा काचा.

“तवाच यायचं हुतं, पोरी,” ते म्हणाले.